कार्डवाल्यांचं दार

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला दोन दारं होती आणि त्यातलं एक त्यांनी खिळे ठोकून बंद केलं होतं. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा सुरुवात कुठून करावी ते मला कळेना. बऱ्याच वेळा लिहून खोडलं आणि शेवटी त्या दारापाशीच येऊन थांबले.

मुलुंडला आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तो दवाखाना होता. पुढचं दार रस्त्यावर होतं, पायऱ्या चढून जावं लागे. दुसरं दार बाजूच्या बोळात, जमिनीलगत. आधी तिथं दुसरे एक डॉक्टर बसायचे. त्यांनी बोळातल्या दारावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'कार्डवाल्यांसाठी'.

कार्डवाले म्हणजे आम्ही. कारखान्यातल्या कामगाराचा सरकारी विमा असतो. पगारातून थोडं कापलं जातं, थोडं मालक भरतो, आणि कामगाराला एक कार्ड मिळतं. ते कार्ड आपल्या भागातल्या ठरलेल्या डॉक्टरांपैकी एकाकडे नोंदवायचं. मग तो डॉक्टर त्याला आणि त्याच्या घरच्यांना पैसे न घेता तपासतो. गंमत अशी की हा डॉक्टर सरकारी नोकर नसतो. दवाखाना त्याचा स्वतःचा, रोख पैसे देणारे पेशंट त्याचे स्वतःचे. कार्डवाल्यांसाठी सरकार त्याला माणशी वर्षाचे ठरावीक पैसे देतं, माणूस वर्षातून एकदा येवो की शंभरदा. त्यामुळे अशा पुष्कळ दवाखान्यांत दोन रांगा असत. रोखवाले पंख्याखाली, कार्डवाले बाहेर.

आमच्या डॉक्टरांनी ती जागा घेतली आणि पहिल्याच दिवशी सुतार बोलावला. बोळातलं दार आतून ठोकून टाकलं, त्याला औषधांचं कपाट लावलं. बाहेरून त्या निळ्या अक्षरांवर एक पत्रा मारला आणि पत्र्यावर लिहून घेतलं, 'पाणी उकळून प्या'. पुढच्या खोलीत एकच लांब बाक ठेवला. येईल त्यानं त्यावर बसायचं आणि सरकत सरकत पुढं जायचं. बस. तेव्हापासून वस्तीत त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'बाकवाल्याकडे जाऊन ये' म्हणत.

एकदा मी आईबरोबर बसले असताना एक बाई गाडीतून उतरून आल्या. अंगावर चांगली साडी, कडेवर छोटा मुलगा. बाकावर आमच्या पलीकडे फौंड्रीतला एक माणूस काळ्या हातांनी बसला होता. बाईंनी बाकाकडे पाहिलं आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "डॉक्टर, मी पैसे देणारी आहे."

डॉक्टर आतून पडद्याबाहेर डोकावले. "हे पण देणारेच आहेत बाई. पगार हातात पडायच्या आधीच देऊन आलेत. बसा."

बाई बसल्या नाहीत. पायऱ्या उतरून गेल्या. कंपाउंडर सावंतांनी कपाळावर हात मारला. "गेली. आणखी एक गेली. डॉक्टर, भाडं काय बाक भरतलो?"

"गप रव," डॉक्टर म्हणाले, आणि फौंड्रीवाल्याला म्हणाले, "जीभ काढ."

ते आणि सावंत दोघेही मालवणकडचे. पेशंटशी डॉक्टर साधं मुंबईचं मराठी बोलत, पण रागावले की मालवणीत शिरत. त्यामुळे डॉक्टर रागावलेत की नाही हे बाकावरच्या सगळ्यांना आवाज न चढताही कळायचं.

दिसायला ते ठेंगणे, पोट थोडं सुटलेलं, पायात कापडी बूट. स्टेथोस्कोप गळ्यात कधी नाही, पॅन्टच्या खिशात कोंबलेला. नळी अर्धी बाहेर लोंबत असे. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, तर म्हणाले, "गळ्यात घातला ना, की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं."

त्यांचा पहिला प्रश्न कधीही 'काय होतंय' असा नसे. "काय बनवता?" असा असे. माणूस म्हणायचा, साहेब, पोटात दुखतंय. "ते कळेल. काय बनवता?" मग तो सांगायचा, बॅटऱ्या, रंग, बिस्किटं, इंजेक्शनच्या बाटल्या. डॉक्टर त्याचे हात उलटेसुलटे करून बघत, कधी शर्टाची बाही नाकाशी धरत. माझ्या आईलाही त्यांनी तेच विचारलं. आई लाजली. "मी काय बनवणार? भाकऱ्या."

"चुलीवर की स्टोव्हवर?"

"चुलीवर. लाकडं नसली की भुसा."

"मग तुमचापण कारखानाच की," ते म्हणाले आणि आईच्या पाठीला नळी लावली. आई ते वाक्य पुढं कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती. तिच्या कामाला कारखाना म्हणणारं कुणी तिला याआधी भेटलं नव्हतं.

कार्डवाल्यांची एक जुनी तक्रार असते, की आम्हाला लाल पाणी देतात आणि रोखवाल्यांना खरं औषध. आमच्या डॉक्टरांनी त्यावर एक वेडा उपाय काढला होता. खोकल्याचं मिक्स्चर एकाच मोठ्या बाटलीतून सगळ्यांना, आणि कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की त्याच्यासमोर स्वतः एक चमचा प्यायचे. पावसाळ्यात खोकल्याचे पेशंट वाढले की शंकाही वाढायच्या. संध्याकाळपर्यंत डॉक्टर इतकं मिक्स्चर प्यालेले असत की त्यांना पेंग यायची. सावंत पडद्यामागून ओरडायचे, "डॉक्टर, उठा, नाडी तुमच्या हातात आसा!"

पण लोकांना त्यांचा खरा राग होता तो सर्टिफिकेटवरून. कामगार आजारी असल्याचं सर्टिफिकेट या डॉक्टरनं दिलं की रजा मिळते आणि विम्यातून अर्धा पगारही मिळतो. गणपती आले, शिमगा आला, भातकापणी आली की सगळ्या कोकणाला एकदम कंबरदुखी सुरू होते. पलीकडच्या गल्लीतले एक डॉक्टर अशा वेळी कंबर न बघताच सही करत. आमचे करत नसत. "बघ, ही पेटी सगळ्यांची," ते म्हणायचे. "तू नसलेल्या कंबरेसाठी हात घातलास, तर ज्याची कंबर खरंच मोडेल त्याला पेटीत काय सापडेल? मी खोटा लिवचंय नाय."

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना नुसतं खडूस म्हणता आलं असतं. पण त्या माणसाला ते विचारत, "गावाला जायचंय खरंच?" आणि दुपारी दवाखाना बंद झाला की सायकल काढून त्याच्या कारखान्यात जात, मॅनेजरकडे त्याच्यासाठी साधी रजा मागायला. डॉक्टर आणि रजेची भीक! एका मॅनेजरनं नाही म्हटलं, तर यांनी खिशातून नळी काढली, बॅगेतून प्रेशरचं यंत्र काढलं आणि म्हणाले, "हात पुढं करा." प्रेशर बघून झाल्यावर म्हणाले, "साहेब, हे एवढं वाढलंय. माणसांना नाही म्हणण्याचा त्रास तुम्ही आणखी घेऊ नका." रजा मंजूर झाली. तो मॅनेजर पुढं स्वतः येऊन बाकावर बसायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी दर वर्षी गणपतीच्या सुमाराला काही कार्डं त्यांच्याकडून निघून पलीकडच्या गल्लीत जायची. एक वर्षी माझ्या बाबांचंही गेलं.

ते सांगायला मला थोडं अवघड वाटतं, पण त्याशिवाय डॉक्टर पुरे होणार नाहीत.

माझे बाबा भांडुपच्या एका फौंड्रीत साचे फोडायच्या खात्यात होते. लोखंड ओतून थंड झालं की वाळूचा साचा फोडायचा आणि मालावरची वाळू झटकायची. घरी आले की त्यांच्या पापण्यांवरसुद्धा बारीक धूळ असे. अकोल्याकडून मुंबईला आल्यापासून तेच काम. आम्ही डोंगरावरच्या वस्तीत राहायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. संध्याकाळी अभ्यासाला विहारात जाऊन बसे, कारण घरात दिवा एक आणि माणसं सहा. बाबांना माझ्या कॉलेजचा अभिमान किती होता हे सांगायला गेले तर ते खोटं वाटेल. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनलाही माझ्या विषयांची नावं पाठ होती.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा त्यांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी हात बघितले, नळी लावली, पुन्हा लावली. छातीचा फोटो काढून आणायला विम्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. फोटो त्यांनी उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ही वाळू आहे. फुप्फुसात बसलीय. त्या खात्यातून बाहेर पडायला हवं. कामामुळे झालेला आजार म्हणून मी लिहितो. विम्याच्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं जावं लागेल, ते मोजतील किती नुकसान झालंय. विम्यातून त्याची भरपाई मिळते, कायमची."

बाबा एकदम घाबरले. कारखान्यात याआधी एकाच्या कागदावर 'धूळ' आलं होतं आणि दोन महिन्यांत त्याला कसल्यातरी कारणानं घरी बसवलं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, साधा खोकला लिवा ना," बाबा म्हणाले. "पोरगी कॉलेजात हाय. दोन वर्षं काढू द्या. मग काय लिवायचं ते लिवा."

"दोन वर्षं ही वाळू थांबेल का?"

"तुमी लिवलं नाही तर कुणाला कळतंय?"

"तुम्हाला कळेल. जिना चढताना." आणि मग मान हलवून, हळू आवाजात, "मी खोटा लिवचंय नाय."

मालवणीत बोलले म्हणजे रागावले, असं आम्ही समजलो. आज वाटतं, तो राग नव्हता. पण त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. ज्याच्या घरी चूल बंद पडायची भीती नाही त्याला खरं बोलायला काय जातं, असं मी आईजवळ म्हटलं. आई म्हणाली, "गप बस." पण तिलाही तसंच वाटत होतं.

बाबांनी कार्ड पलीकडच्या गल्लीत नोंदवलं. तिथं त्यांना बाजूच्या दारानं जावं लागे. 'श्वासनलिकेला सूज' असं लिहून मिळे, चार दिवस रजा, आणि पुन्हा वाळू. पावसाळा गेला, थंडी आली. डोंगर चढताना बाबा आधी एका वळणावर थांबत, मग प्रत्येक वळणावर. लोकांनी विचारलं तर चपलेत खडा गेलाय म्हणत. एका संध्याकाळी ते खालच्या नळाजवळच बसून राहिले. मी आणायला गेले तेव्हा म्हणाले, "लई खडे झाले गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकवाल्या डॉक्टरांकडे गेलो. पायऱ्या चढायला बाबांना वेळ लागला. डॉक्टर पडदा सारून पेशंटला पोचवायला बाहेर आले होते, त्यांनी आम्हाला बघितलं. मला वाटलं आता बोलणार. माझ्याकडे उत्तरंही तयार होती. ते म्हणाले, "बसा. यांच्यानंतर तुमचा नंबर."

एवढंच. जणू बाबा गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते. सावंतांनी मात्र सरकून बाकावर पंख्याखालची जागा करून दिली.

यावेळी बाबांनी काही मागितलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं. कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरांनी उलट लिहिलं, की हा बिड्यांचा खोकला आहे. बोर्डाच्या दिवशी शनिवार होता, रोखवाल्यांच्या गर्दीचा वार. आमच्या डॉक्टरांनी दाराला कुलूप लावलं आणि बाबांबरोबर गेले. त्यांना आत घेत नव्हते. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. "बाकाची मला सवय आहे," असं शिपायाला म्हणाले म्हणे. आतून बिडीचा विषय निघाल्याचं ऐकू आलं तसे उठून दारात उभे राहिले. "त्यांची बोटं बघा. दात बघा. मग माझा कागद फाडा." बोर्डातल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्मा लावून बाबांची बोटं खरंच बघितली. बाबांना आयुष्यात सुपारीचंही व्यसन नव्हतं.

बोर्डानं आजार मान्य केला. नुकसान डॉक्टरांना वाटत होतं त्यापेक्षा कमी धरलं, पण धरलं. दर महिन्याला थोडे पैसे सुरू झाले. आणि त्या कागदाच्या जोरावर युनियननं बाबांना वाळूतून काढून स्टोअरमध्ये बसवून घेतलं. नोकरी गेली नाही. फुप्फुसं मात्र परत आली नाहीत. येत नाहीत.

दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या सरांनी निबंध दिला, 'राष्ट्रीय आरोग्य विमा: सरकारची आणि खाजगी क्षेत्राची भूमिका'. सर म्हणाले, एक बाजू घ्या आणि ठामपणे मांडा. वर्गातल्या मुलांच्या घरी वडील, काका विचारायला होते. मी डॉक्टरांकडे गेले.

"एक बाजू घ्या?" डॉक्टर म्हणाले. "तुझ्या सरांना ताप आहे का? पाठव इकडे."

मग मला म्हणाले, "बाकावर बस. सगळे गेले की बोलू."

मी बसले. सरकायचं नाही, फक्त बसायचं, म्हणून मी टोकाला बसले. शेवटचा पेशंट गेल्यावर ते बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर टेकले.

"मी कोण? सरकारी की खाजगी?"

मला सांगता येईना.

"मलाही येत नाही. नीट ऐक हं पोरी. कार्डवाल्याचे पैसे मला वर्षाचे मिळतात, तो आला काय नि न आला काय. म्हणजे तो आला नाही तर माझा फायदा. हो की नाही? त्याला दोन मिनिटांत कटवला तर आणखी फायदा. रोखवाल्याचं उलट. तो जितक्या वेळा येईल तितका फायदा. त्याला उगाच घाबरवला, दोन सुया जास्त टोचल्या, की झकास. आता बोल, माझ्या डोक्यात दोन चोर बसलेत. एक म्हणतो हाकल, दुसरा म्हणतो पकड. दोघांना वेगळ्या दारानं आत घेतलं असतं तर मी दोन्ही चोरांचं ऐकलं असतं. एका बाकावर बसवलं, की कोण कुठला ते मला तपासताना आठवत नाही. माझी लबाडी जरा गोंधळते."

मी वही काढली. हे लिहू का, असं विचारलं.

"लिही. आणि हेही लिही. सरकार सगळ्यांना आत घेतं, पण कुणाला ओळखत नाही. धंदेवाला ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच सगळ्यांना आत घेत नाही. पेटी सरकारची हवी, हात माणसाचा हवा, आणि हातावर कुणाची तरी नजर हवी."

"मग बाजू कुठली, डॉक्टर?"

"आधी बाहेर कोण राहिलंय ते बघ. तुझ्या आईचं कार्ड तुझ्या बाबांमुळे. बाबांची नोकरी गेली की ती बाहेर. ती समोरची भाजीवाली, तो हमाल, ती मासे घेऊन येते ती कोळीण, सगळे बाहेर. बाजू त्यांची घे. मग सरकार की खाजगी ते आपोआप भांडत बसतील."

मला निबंधात बरे गुण मिळाले नाहीत. सरांनी खाली लिहिलं होतं, 'निष्कर्ष स्पष्ट नाही'. मी तो डॉक्टरांना दाखवला. ते खूश झाले. "माझाही नाही," म्हणाले.

बाहेर राहिलेल्यांत त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. ते मला पुढच्या वर्षी कळलं.

तेव्हा एक नवी पॉलिसी निघाली होती. वर्षाचा हप्ता भरायचा, आणि हॉस्पिटलात पडायची वेळ आली तर खर्च विमा कंपनी देणार. मुलुंडमधले दुकानदार, बँकवाले घेऊ लागले होते. एका सकाळी एक तरुण एजंट दवाखान्यात आला. टाय लावलेला, बोलायला गोड. त्यालाही बाकावर बसावं लागलं. तो बिचारा आमच्याबरोबर सरकत सरकत आला, कारण मी बाबांना घेऊन आले होते आणि तो आमच्या पुढच्या नंबरला होता. त्याची पाळी आली तसे डॉक्टर पडद्याबाहेरच आले. "आजारी नाही ना? मग इथंच बोला. आतली खुर्ची आजाऱ्यांची."

एजंटनं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकलं. मग बाकाकडे हात करून विचारलं, "यांना विकशील?" हात बाबांकडे होता.

एजंट अवघडला. "साहेब, आधीपासून आजार असेल तर... त्या आजाराला नाही मिळत."

"म्हणजे भिजलेल्याला छत्री नाही."

"तसा नियमच आहे, साहेब."

"आणि कंपनी कुणाची?"

"सरकारीच आहे साहेब. पण धंदा म्हणून चालते."

"वा!" डॉक्टर माझ्याकडे वळले. "बघ गं, तुझा निबंध इथं चालत आला. सरकारच धंदेवाल्यासारखं वागायला लागलं, आता घे बाजू!"

सगळे हसले. एजंटही हसला, तो भला माणूस होता. म्हणाला, "पण साहेब, तुम्हाला तरी काय आहे? हे सगळे कामगार, यांना सरकारचं कार्ड आहे. तुम्हाला कार्डसुद्धा नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

आमच्यापैकी कुणाच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कार्डवाल्यांचा डॉक्टर स्वतः बिनकार्डाचा होता.

सावंत औषधाच्या खिडकीतून म्हणाले, "घेवा डॉक्टर. कसलोतरी इमो घेवा म्हणान मी किती वर्सां सांगतंय."

डॉक्टर बुटांकडे बघत म्हणाले, "भर फॉर्म."

एजंटनं मांडीवर बॅग ठेवून लिहायला घेतलं. नाव, वय, पत्ता. मग विचारलं, "आधीचा काही आजार? मधुमेह, प्रेशर, हृदय?"

"मधुमेह. जुना आहे. आणि गेल्या वर्षी छातीत कळ आलेली."

एजंटचं पेन थांबलं. "साहेब, हे लिहिलं तर..."

"कळ खय होती? ग्यास होतो तो!" सावंत ओरडले.

बाकावर एक कोकणातला कामगार बसला होता, ज्याला गणपतीत सर्टिफिकेट मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "डॉक्टर, नाही म्हणून टाका ओ. एक शब्द तर आहे."

"हो ना यार, कोण बघायला येतंय?"

"आम्ही कुणाला सांगणार नाय, आईशप्पथ."

"आता कळलं का डॉक्टर, कंबर कशी दुखते ती?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. पण तो टोमण्याचा हशा नव्हता. सगळा बाक त्यांना खोटं बोलायची विनवणी करत होता. ज्यांना ज्यांना त्यांनी नाही म्हटलं होतं, त्यांना आज डॉक्टरांना एक खोटं सर्टिफिकेट द्यायचं होतं.

एजंट हळूच म्हणाला, "साहेब, मी ती जागा मोकळी सोडतो. तुम्ही फक्त सही करा."

मी डॉक्टरांकडे बघत होते. मनातून मलाही वाटत होतं, की सोडा ना एक ओळ, स्वतःसाठी तरी.

तेवढ्यात बाबा बोलले. आताशा त्यांना एका दमात वाक्य पुरं करता येत नसे, म्हणून ते सावकाश बोलत.

"भाऊ, ते सांगतात... तेच लिवा. त्यांना दुसरं लिवता येत नाही." दम घेऊन म्हणाले, "मी सांगून बघितलंय."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. मी त्यांना कधी डोळे पुसताना पाहिलं नाही, तेव्हाही नाही. त्यांनी एजंटला म्हटलं, "लिही. मधुमेह, आणि छातीत कळ." सही केली. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, तुमचा नंबर."

कंपनीनं पॉलिसी नाकारली. सावंत दोन दिवस धुसफुसत होते. डॉक्टर म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. धंदा आहे. ज्याचा धंदा नाही त्यानं मला घ्यायला हवं होतं, आणि त्याला मी माहीतच नाही." एवढं बोलून सायकल काढली आणि कुणाची तरी रजा मागायला गेले.

नंतरच्या हिवाळ्यात त्यांना दुसरी कळ आली. या वेळी तिला गॅस म्हणायला सावंतही तयार नव्हते. डॉक्टर म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात होते, सर्वांच्या वॉर्डात. भेटायच्या वेळी मी आणि बाबा गेलो तर खाली व्हरांड्यातल्या बाकावर आमचीच माणसं बसलेली. पास एकच होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे येतील तसे बसून सरकत होते. आमची पाळी आली तसे बाबा जिन्यावर थांबत थांबत वर गेले. डॉक्टरांनी डोळे उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "जिना किती वेळा थांबून चढलात?"

वर्षभरात ते गेले.

दवाखाना आता एका तरुण डॉक्टरांनी घेतलाय. हुशार आहेत, वागायला चांगले आहेत. गर्दी फार होते म्हणून त्यांनी कपाट हलवून बोळातलं दार उघडलं. बाहेरचा 'पाणी उकळून प्या' हा पत्रा काढला. इतकी वर्षं ऊन-पाऊस न लागल्यामुळे खालची निळी अक्षरं अगदी ताजी निघाली, काल रंगवल्यासारखी. त्यांनी ती तशीच ठेवली.

परवा मी बाबांना घेऊन गेले. बोळातलं दार आम्हाला जवळ पडतं आणि तिथं पायऱ्याही नाहीत. मी तिकडे वळले. बाबा दारासमोर थांबले. त्यांनी ती अक्षरं वाचली, हळूहळू, एकेक. मग माझा हात धरून मागे फिरले.

"पुढून पायऱ्या आहेत, बाबा," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "थांबत थांबत चढू."